एका बंदराचं विलीनीकरण

त्या वर्षी धूळ लवकर सुरू झाली. कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या गॅलरीतून एरवी समुद्र दिसतो. त्या आठवड्यांत नुसता पिवळसर पडदा दिसायचा आणि त्यामागे पाणी असणार असं धरून चालायचं. मी त्याच पडद्यातून गाडी चालवत शहरात ऑफिसला जायचे. पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे खरे वाटायचे.

मी एका गुंतवणूक कंपनीत काम करते. एखादी कंपनी विकत घ्यायची ठरली की ती कशी घ्यायची, कुठली कंपनी कुणाच्या पोटात जाईल, शेवटी कोण उरेल, याचे आराखडे करणाऱ्या गटात मी हिशेबाची बाजू बघते. तोवर आम्ही घेतलेलं सगळं हाताला लागणारं होतं. शीतगृहं, एक बेकरी, अम्गरातलं सळया आणि फरशांचं गोदाम. धुळीत उभं राहून का होईना, सळया मोजता येतात. त्या वर्षी आमच्या कुवेती साहेबांनी व्हिडिओ गेम प्रकाशित करणारी कंपनी घ्यायचं मनावर घेतलं.

"गेम ते बनवत नाहीत," साहेबांनी मला समजावलं. "बनवणारे स्टुडिओ वेगळे. हे परवानगी घेतात, अरबीत करतात, बाजारात आणतात, चालवतात. पुस्तकांचे प्रकाशक असतात तसे."

"मग त्यांचं स्वतःचं काय आहे?"

"परवानग्या. आणि खेळणारे लोक."

"म्हणजे मोजायला काही नाही."

"आहे ना. रोज किती जण येतात ते मोजा," ते म्हणाले, आणि स्वतःवरच खूश होऊन त्यांनी चहा मागवला.

त्या खेळणाऱ्यांपैकी एक माझ्या घरात होती. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि या कंपनीचा सगळ्यात चालणारा गेम खेळायची. जुन्या काळातलं एक बंदर. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची गलबतं, किनाऱ्यावर मातीची घरं. खेळणाऱ्याने घर घ्यायचं, ते सजवायचं, बोटीतून खोल पाण्यात जायचं. त्यात कोणी कोणाला मारत नाही, कोणी जिंकतही नाही. पाण्याखाली गेलं की आवाज मऊ होतात आणि वरून उजेडाचे पट्टे हलत हलत खाली येतात. मी स्वयंपाक करताना तो आवाज ऐकायचे, तेव्हा घरात कोणी तरी झोपलंय असं वाटायचं.

त्या बंदरात तिचं घर होतं ते तिच्या मैत्रिणीबरोबर भागीदारीत. मैत्रीण आमच्याच इमारतीतली, दोन मजले खाली. कुटुंब रत्नागिरीकडचं. वडील फहाहीलमधल्या एका दुकानात होते. ते दुकान बंद झालं आणि महिन्याभरात सगळे परत गेले.

कुवेतमध्ये कोणी जायला निघालं की घराचा सेल लागतो. फ्रिज, पडदे, कुकर, सायकली, सगळ्याचे फोटो ग्रुपवर येतात. संध्याकाळी शेजारीपाजारी येतात, ड्रॉवर उघडून बघतात, घासाघीस करतात, आणि उरलेलं फुकट वाटून टाकलं जातं. आमच्या मुलांनी हे इतक्यांदा पाहिलंय की त्यांना त्याचं काही वाटत नाही. कोणी जाणार असं कळलं की आधी विचारतात, त्यांची सायकल कोण घेतंय. मैत्रिणीच्या सेललाही माझी मुलगी शांतपणे टेबलामागे बसून सुट्टे पैसे देत होती. रडली वगैरे नाही. त्यानंतर दोघी रोज संध्याकाळी त्या बंदरात भेटायला लागल्या. इकडे एक, तिकडे एक, आणि मध्ये ते पाण्याकाठचं घर. दुसरी कुठलीही जागा त्यांच्याकडे उरलेली नव्हती. फोनवर त्यांना बोलणं सुचत नसे, तिथे मात्र तासभर शिंपले गोळा करत बडबडायच्या.

ऑफिसात आम्ही ते बंदर विकत कसं घ्यायचं हे ठरवत होतो. घरी मी त्यातला चकार शब्द बोलू शकत नव्हते. तसं लिहून दिलेलं असतं.

कंपनी घ्यायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे मालकांकडून शेअर विकत घेणं. इथे तो बंद होता. संस्थापकाने सुरुवातीच्या दिवसांत मित्रांना, चुलतभावांना, पहिल्या नोकरदारांना थोडे थोडे शेअर वाटले होते, आणि त्यातले काही जण आता कुठे आहेत हे त्यालाही माहीत नव्हतं. विलीनीकरणात तशी अडचण येत नाही. बहुतेकांनी हो म्हटलं की न सापडलेल्यांनाही ते लागू होतं, त्यांचे पैसे बाजूला ठेवायचे. म्हणून आम्ही ठरवलं की त्यांची कंपनी आमच्यात विलीन करायची. ती संपेल, तिचं जे होतं ते आमचं होईल. आराखडा नीटनेटका होता. संचालकांनी मंजूरही केला.

संस्थापक चाळिशीचा कुवेती गृहस्थ, पांढऱ्या पायघोळ दिशदाशाखाली पळायचे बूट घालून यायचा. तो शेवटच्या टप्प्यावर सहज म्हणाला, "बंदराच्या गेमची परवानगी स्टुडिओने ह्या कंपनीला दिलीय. दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ही कंपनी नसेल, तर परवानगीही नसेल."

"तनाझुल घेऊ," आमचा वकील म्हणाला, आणि कोणी मानसुद्धा वर केली नाही.

तनाझुल म्हणजे हक्क सोडल्याचा कागद. इथे गाडी, फोनची लाइन, भाड्याचा फ्लॅट, अगदी माणसाचा इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, तोसुद्धा तनाझुलवर एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं अर्धं आयुष्य अशा कागदांवर चालत आलेलं. जगात एखादी गोष्ट तनाझुलने मिळणारच नाही हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून स्टुडिओला विचारायचं आम्ही सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

स्टुडिओवाले कुठल्याशा थंड देशातले. त्यांनी अतिशय सभ्यपणे नाही म्हणून कळवलं. पूर्वी त्यांचा एक गेम असाच या हातातून त्या हातात जाऊन कोणीतरी बंद करून टाकला होता. पुन्हा तसं नको होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहून फोनवर साहेबांना हेच सांगत होते. विलीनीकरण असंच झालं तर बंदराचा गेम जाईल, आणि साहेब म्हणत होते, जाऊ दे, बाकीचे गेम आहेत. बोलणं इंग्रजीत होतं, म्हणजे माझ्या मुलीच्या अधिक सवयीच्या भाषेत. ती आत सोफ्यावर होती. मी आत आले तेव्हा ती फोनमध्ये मान घालून बसलेली. मी सरळ ओट्याकडे गेले. पोळ्या करायच्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नवा रस्ता निघाला. ही गेमवाली कंपनी कागदोपत्री एका दूरच्या बेटावर नोंदलेली होती. आमच्यापैकी कोणी ते बेट पाहिलेलं नाही. तिथली एक वकीलबाई फोनवर यायची. तिच्या मागे कोंबडा आरवायचा आणि बहुधा झाडांची सळसळही असायची. इकडे खिडकीबाहेर धुळीत सूर्य लिंबाच्या फोडीसारखा फिका दिसायचा.

"तुम्ही एक रिकामी कंपनी काढा," ती निवांत आवाजात म्हणाली. "ती त्यांच्या कंपनीत विरघळू द्या. त्यांची तुमच्यात नाही, तुमची त्यांच्यात. त्यांची कंपनी तशीच राहील. तेच नाव, तेच करार, त्याच परवानग्या. फक्त जुन्या शेअरवाल्यांना पैसे मिळतील आणि वरचे मालक तुम्ही व्हाल."

"आणि आमची रिकामी कंपनी?"

"ती नाहीशी होईल. त्यासाठीच तर काढायची."

मी हिशेबाची बाई. तरी त्या दुपारी मला ते ऐकताना पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं. स्टुडिओलाही विचारलं. यात परवानगी दुसऱ्या कोणाच्या हातात जात नाही, असं म्हणून त्यांनी होकार दिला. गेम राहणार होता. मात्र सह्या-मंजुऱ्या होऊन जाहीर होईपर्यंत तोंड बंद.

त्या रिकाम्या कंपनीला एक संचालक लागत होता. माझं नाव घातलं. घरी मी एवढंच सांगितलं, कशासाठी ते नाही. नवरा मीना अब्दुल्लाहून, कामावरून नुकताच आला होता, बूट काढत होता.

"म्हणजे तिथे एकही माणूस नाही आणि तू डायरेक्टर?"

"हो."

"पगार?"

"नाही."

"मग आपल्या घरासारखंच आहे की," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मी कधी कधी गाडीत त्या कंपनीचा विचार करायचे. तिला टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, दार नव्हतं. अमुक दिवशी ती असेल आणि नंतर नसेल, आणि तिच्या नसण्याने कोणाचं काही बिघडणार नाही. मला त्यात दुःख वाटलं नाही. उलट हलकं वाटायचं.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी मुलीशेजारी जाऊन बसले. म्हटलं, दाखव तुझं बंदर. कामाचाच भाग होता, मी ते आतून कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर संध्याकाळ होती, पाणी जांभळं. तिची बाहुली मातीच्या घरात शिरली. आत काही नव्हतं. भिंती, आणि खिडकीतून जमिनीवर पडलेला उजेड.

"सामान कुठंय?"

"सेल झाला," ती म्हणाली. "गालिचे बहरीनच्या एका मुलीला दिले. दिवे शेजाऱ्यांना. बोट लास्ट वीक गेली. मोती तिने लहान मुलांना वाटले, फ्री."

"का?"

"आई, मी ऐकलं होतं तुझं. फोनवर. बंद होतंय ना?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "मग शेवटच्या दिवशी घाई नको. तिचं दहावीचं वर्ष आहे, तिच्या अम्मीने सांगितलंय, आता बास. आज बाय करणार आम्ही."

तिने ऐकलं ते खरंच होतं. फक्त ते आता खरं राहिलं नव्हतं. आणि मला ते सांगता येत नव्हतं.

"थोडं थांबा की," मी म्हटलं.

आता तिने मान वर केली. "का? तुला काही माहितीये?"

"ऑफिसचं मला विचारायचं नाही."

"ओके," ती म्हणाली.

तेवढ्यात मैत्रिणीची बाहुली दारात आली. हेडफोनमधून तिचा आवाज बारीक ऐकू येत होता. दोघी धक्क्यावर गेल्या, पाण्यात पाय सोडून बसल्या. क्लासचे सर किती घोरतात, कोणाची दाढ दुखतेय, असलं बोलल्या. मग मैत्रीण म्हणाली, "चल, जाते," आणि तिथे नुसतं पाणी राहिलं. मुलीने फोन उलटा ठेवला आणि केस विंचरायला गेली. मी तिथेच बसून राहिले. मी बोलले असते तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर इकामा, आणि मग खराच सेल लावावा लागला असता. हे मी तेव्हाही स्वच्छ समजून होते, आजही तसंच म्हणेन. पण त्या दुपारी झोप लागली नाही.

ती रिकामी कंपनी नाहीशी झाली त्या दिवशी मी महामार्गावर होते. वकीलबाईचा निरोप आला: झालं. धूळ थोडी विरळ झाली होती, खजुरांची झाडं कुठूनशी पुन्हा उगवल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी बातमी आली. मुलगी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"बंद नाही होणार."

"नाही."

"तुला माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण. मला बोलायची परवानगी नव्हती."

ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मी मेसेज केला तिला. अकाउंट काढून टाकलंय तिने. अम्मी परत खेळू देणार नाही म्हणतेय."

कंपनी राहिली, गेम राहिला, आणि ज्याच्यासाठी माझ्या घरात तो हवा होता ते निघून गेलं होतं. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि रत्नागिरीला फोन लावला.

"जाऊ दे गो भाभी," मैत्रिणीची आई म्हणाली. "सुटली ती त्या मोबाइलातनं. आता अभ्यासाला बसते. तुझीपण सुटली तर बरंच ना?"

"बरंच," मी म्हटलं. "पण शुक्रवारी अर्धा तास द्या."

"अर्ध्या तासाने काय व्हायचंय?"

"काही नाही. दोघी बोलतील. चाचणीत मार्क कमी आले तर तो अर्धा तासही बंद, मी स्वतः बंद करीन. परीक्षा झाल्यावर पुन्हा बसून ठरवू."

"ऑफिसात असंच करतेस वाटतं," ती हसली. "तिकडे धूळ आहे का गो अजून?"

"आहे."

"मला त्या धुळीचीपण आठवण येते, बघ. ठीक आहे. शुक्रवारी, नमाज आणि जेवण झाल्यावर. अर्धाच तास हां."

शुक्रवारी मी मुद्दाम खुर्ची लांब ओढून भाजी निवडत बसले. मैत्रीण नव्या अकाउंटवरून आली, म्हणजे अगदी नवखी, हातात काही नाही, कपडे फाटके. मुलीने तिला हाताला धरून घरात आणलं. रिकाम्या खोलीत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"एक दिवा तरी ठेवायचास," हेडफोनमधून आवाज आला.

"सगळं तूच वाटलंस. मोतीपण."

"तू का नाही अडवलंस मग?"

"तुला कोण अडवणार?"

मग दोघी जमिनीवर बसल्या. बाजारात जाऊन काही आणू या असं कोणी म्हणालं नाही. बाहेर त्या बंदरात दिवस कलत होता, पाण्याचा उजेड भिंतीवर हलत होता. मैत्रीण तिकडच्या नव्या शाळेतल्या कोणाची तरी नक्कल करत होती आणि माझी मुलगी, जिला मराठीत उत्तर दे म्हणून मला रोज ओरडावं लागतं, ती मराठीत हसत, मराठीत तिला टोमणे मारत होती.

अर्धा तास होऊन गेला. मी घड्याळ पाहिलं आणि पुढची जुडी निवडायला घेतली.