माझ्या नजरेने मेलेल्या शेळ्या

होळीला पंधरा दिवस होते. लग्न होऊन मी एरंडोलजवळच्या सासरच्या खेड्यात आले, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. सकाळी गोठ्यात गेले तर काळी शेळी मरून पडलेली… मान पार पाठीमागे वळलेली, कोणी मागून हाक मारल्यासारखी.

आदल्या संध्याकाळी ती माझ्या पदराशी खेळत होती. अंगावर जखम नाही, ताप नाही, काही नाही. कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट तीच.

चार दिवसांनी पांढरी गेली. ती माझ्या डोळ्यांदेखत मेली… भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, मग गोल गोल फिरली, कोसळली आणि पाय झाडत राहिली. तीही माझी लाडकी.

सासूबाईंना गावात सगळे अक्का म्हणत. त्या दारातूनच म्हणाल्या, "कोनी नजर लागनी व माय? बठ्ठ्या चांगल्याच मरी राहिन्यात!" कोणाची नजर लागली, ते नाव घेतलं नाही, पण गोठ्यात तेव्हा मी एकटीच होते.

मरतुकड्या शेळ्यांना काही होत नव्हतं. मी जिला "किती छान गं तू" म्हणायची, तीच जायची. हे माझ्याही लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू?

होळीला मी आठ दिवस चाळीसगावला माहेरी गेले. त्या आठ दिवसांत एकही शेळी मेली नाही. परत आले आणि तिसऱ्या दिवशी तिसरी गेली… आता मलाच माझी भीती वाटायला लागली.

त्या दिवसापासून मोठ्या जाऊबाई मी दिसले की तान्ह्या मुलीवर पदर ओढायच्या. पोरीच्या गालावर तीट, कपाळावर तीट, तळपायालाही तीट. मी भिंतीकडे तोंड करून पुढे जायची. आरशात बघून वेणी घालायचीही बंद केली होती मी.

चौथी मेली तेव्हा सासरे, म्हणजे नाना, भडकले. "नजरबिजर मी काही जानत नही," म्हणाले आणि सायकलवरून जाऊन एरंडोलहून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी मेलेल्या शेळीचं पोट अंगणातच फाडलं. आत दादर… आमच्याकडची हिवाळी ज्वारी. ढीगभर. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "एवढं धान्य हिला कोणी घातलं?"

माझी नजर ओट्यावरच्या दादरच्या सुपाकडे गेली.

नवी दादर नुकतीच घरात आली होती आणि रोज दुपारी ती निवडायचं काम माझं होतं. नव्या घरात माझ्याशी मायेने वागणाऱ्या त्या शेळ्याच. मग निवडताना निघालेली फुटक्या दाण्यांची चुरी आणि वर चार-पाच ओंजळी चांगले दाणे, असं मी चोरून घालायची… जी आवडेल तिला. एक मेली की दुसरीला अंगात ताकद यावी म्हणून जास्तच. माहेरी आमच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेळी कुठली? माया करायची म्हणजे खाऊ घालायचं, एवढंच मला माहीत.

गप्प बसले असते तर दाण्यांचं कोणाला कळलं नसतं. पण नजर माझ्या माथी कायमची बसली असती. मी सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, याला आंत्रविषार म्हणतात. जंतू आतड्यात असतोच, एकदम भरपूर धान्य पडलं की तो माजतो आणि विष तयार करतो. खादाड, धडधाकट जनावर आधी जातं. उरलेल्यांना त्यांनी लस टोचली आणि धान्य बंद करायला सांगितलं.

"चार शेया मार्‍यात इनी!" अक्का दिवसभर ओरडत होत्या. त्या शेळ्यांसाठी मी खूप रडले… पण एवढ्या शिव्या खाऊन इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. नुकतीच न्हाऊ घातलेली पोर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या गालावर, कपाळावर कुठेच तीट नव्हती.

"ले व," त्या म्हणाल्या, "दख, पोटभर दख."

अजूनही कोणाच्या बाळाला "किती गोड" म्हणताना माझी जीभ क्षणभर अडते… मग जाऊबाई आठवतात, आणि मी पोटभर बघून घेते.