चार मालकांचा रूळ

माझ्या साडूभाऊंइतका हक्काने रेल्वेबद्दल बोलणारा माणूस रेल्वेच्या मालकांतही झाला नसेल. चुडाव्याला गँगमन म्हणून त्यांनी जन्म काढला, त्याआधी त्यांच्या वडिलांनी. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मालकांची यादी येते: पहिली गोऱ्यांची कंपनी, मग खुद्द निजाम, मग मुंबईवाले, आता सिकंदराबादवाले. निजामाच्या काळातली गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही, म्हणून ती एकदाही उशिरा आलेली नाही. डांबरी रस्त्यावरही ते रुळाखालच्या स्लीपरवरून चालल्यासारखे मोजून ढांगा टाकतात, आणि बिचाऱ्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अर्धा फर्लांग मागे राहतात. पूर्वी रुळाला कान लावून ते गाडी कुठवर आली ते सांगत. आता दोन्ही कान गेलेत, पण मत तेवढंच ठाम आहे.

मागच्या वर्षी गावच्या शाळेत विजेची घंटा बसली आणि जुन्या घंटेला, म्हणजे लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याला, भंगाराची वाट दिसू लागली. तो तुकडा साडूभाऊंच्या वडिलांनी रेल्वेच्या साहेबाला विचारून स्वतः टांगला होता. त्यामुळे बातमी कळल्यापासून ह्यांना जेवण जाईना. मुख्याध्यापक भले माणूस. ओरडून म्हणाले, "मामा, तुमी घरी न्या की." दुसऱ्या कुणीही बैलगाडी जुंपली असती.

"रूळ रेल्वेचा हाय, सर. शाळेकडं अमानत हाय," साडूभाऊ म्हणाले. "मालकाच्या इजाजतीबिगर तुमाला देता येत न्हाई, मला नेता येत न्हाई."

आणि त्यांनी एकाच कागदावर चारही मालकांच्या नावे अर्ज लिहिला. निजामाला कशाला, असं मी पाटीवर लिहून विचारलं, तर म्हणाले, "बानं इजाजत त्यांच्याच राज्यात घेतली व्हती. त्यांना डावलून कसं चालंल?"

उत्तर अजून आलेलं नाही. मालकी ठरेपर्यंत तुकडा हलवायचा नाही, असं मुख्याध्यापकांनी हसत मान्य केलं.

दिवाळीत गेलो तेव्हा शाळेला सुट्टी होती. साडूभाऊंनी मला लिंबाखाली नेलं, हातात हातोडी दिली आणि आपला तळहात रुळावर ठेवला. "हाना," म्हणाले.

मी टोला हाणला. ते डोळे मिटून उभे राहिले. रूळ गप्प झाल्यावरही हात निघेना.

"बा असाच हानायचा," ते हळूच म्हणाले.

माझे डोळे भरून आले. त्या अर्जाला चौघांपैकी एकाही मालकाचं उत्तर येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटलं.