हापशावरचा तास

माझी मुलगी फालेसी गावातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात एकशे बारा पोरं. निम्मी आत मावतात, निम्मी खिडकीखाली सावलीत बसतात, त्यामुळे तिचा घसा कायमचा बसलेला. मी स्वतः दुसरीतच शाळा सोडली, म्हणून त्या इयत्तेला मी नावं ठेवत नाही.

पहाटे उठून ती अंगण झाडते. मग मक्याच्या शेतात जाऊन दोन सऱ्या खुरपते, मग शाळा. दुपारी येऊन मक्याच्या पिठाची घट्ट नसिमा ढवळायची, भोपळ्याचा पाला शिजवायचा, त्यानंतर एकशे बारा वह्या. रविवारी चर्च, मंगळवारी चर्चच्या बायकांची बैठक. शिवाय गावात कुणी ना कुणी देवाघरी जातंच, आणि त्या घरी दोन दिवस रांधायला जावं लागतं. न जाणारीचं नाव गाव बरोब्बर लक्षात ठेवतं.

यातूनही ती लिहायची. दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात तिची एक पानाची गोष्ट वाचून दाखवत. बुधवारी ते पान ती सायकल-टॅक्सीवाल्याच्या हाती रेडिओवाल्यांकडे पाठवायची. पैसे मिळत नसत, नुसतं नाव सांगत. पण ते नाव सांगताना ऐकू आलं की दिवसभर वाकलेली ही बाई पाठ सरळ करायची. ते मी पाहिलंय.

लिहायची कुठे, तर हापशावर. चाळीस घरांना एकच हापसा होता. रांगेत बादली लावली की तास-दीड तास नंबर येत नसे. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांची धुणी धूत बसत, आणि ही आंब्याच्या बुंध्याशी मांडीवर वही घेऊन. घरात तिने वही उघडली की आम्हाला ती रिकामी बसलेली दिसायची. हापशावर मात्र ती कामावर असायची. तिथून तिला कुणी बोलवत नसे, कारण पाणी सगळ्यांनाच हवं होतं.

मग नळ आला. आमच्या अंगणापासून तीस पावलांवर. शेजारच्या नाफिरीने अशी किलकारी दिली की कोंबड्या पळाल्या. फालेसीनेही दिली. मग तिने बादली लावली, आणि ती दोन मिनिटांत भरली. फालेसी तिच्याकडे बघत उभीच राहिली.

"काय गं, पाण्यात साप दिसला का?" नाफिरीने विचारलं.

"नाही. लवकर भरली, एवढंच."

त्या गुरुवारी रेडिओवर तिच्या गोष्टीच्या जागी गाणं लागलं. पुढच्या गुरुवारीही गाणंच. मग सायकलवाला निरोप घेऊन आला: आता आणखी एक आठवडा चुकला, तर ती जागा दुसऱ्या बाईला.

फालेसीने खूप करून पाहिलं. शेतात वही नेली, तर वहीला माती आणि मक्यात गवत. एका सकाळी ती वही घेऊन संडासात जाऊन बसली. तिचा नवरा लायटन बाहेर येऊन उभा.

"पोट बिघडलंय का गं? पेरूचा पाला उकळू?"

"नको."

"आतून कागदाचा आवाज येतोय."

"लायटन, जा ना रे तिकडे!"

माझा जावई भला माणूस आहे, हीच तर अडचण.

सोमवारी दुपारी ती स्वयंपाकाच्या झोपडीमागे वही घेऊन बसली होती. मी ओट्यावरून हाक मारली, "फालेसी, माझी तपकिरीची डबी कुठाय?" ती उठून आली. डबी माझ्याच मुठीत होती. तिने ती पाहिली आणि परत गेली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग मी सकाळपासूनच्या हाका आठवू लागले. काठी, पाणी, कोंबडी, ऊन आलं, ऊन गेलं. लायटनच्या दोन, नाफिरीची एक, उरलेल्या सगळ्या माझ्या.

मंगळवारी दुपारी चहा प्यायले आणि पोट धरून बसले.

"या नळाच्या पाण्याने माझं पोट दुखतं. मला हापशाचंच पाणी लागेल. रोज, ताजं."

"काल तर तीन कप रिचवलेस!" नाफिरी कुंपणापलीकडून म्हणाली.

"म्हणून तर दुखतंय."

लायटन लगेच उठला. मान खाली घालून, सासूशी बोलायचं तसं हळू म्हणाला, "आई, मी सायकलवरून आणतो. दहा मिनिटांत."

सगळंच मुसळ केरात जात होतं.

"जावयाने सासूसाठी पाणी वाहायचं? गाव माझ्या तोंडात शेण घालेल. माझं पाणी माझी मुलगीच आणेल, आणि सावकाश आणेल. घाईने आणलेलं पाणी ढवळतं."

फालेसीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग बादली उचलली, वही कमरेच्या कापडात खोचली आणि गेली. चर्चच्या बैठकीला मी निरोप पाठवला, की म्हातारीचं पोट बिघडलंय.

हापशावर आता चिटपाखरू नसतं. तासाभराने ती आली, गालावर आंब्याच्या बुंध्याचे वळ उठलेले.

"झालं का?" मी विचारलं.

"सात ओळी झाल्या, आई. मग झोप लागली."

"पाणी आणलंस ना, मग झालं."

बुधवारी शाळेत जाताना तिने त्या सात ओळीच सायकलवाल्याकडे दिल्या.

गुरुवारी रेडिओवर तिचं नाव सांगितलं आणि गोष्ट वाचली. एका बाईला सगळे हाका मारतात आणि ती दरवेळी 'आले' म्हणते. एवढीच. पुढे काय होतं ते नव्हतंच. वाचणाऱ्या बाईने पान उलटलं असावं, मागे काही आहे का बघायला. मग म्हणाली, "पुढच्या गुरुवारी फालेसीबाईंची नवी गोष्ट ऐका."

मी मागे वळून पाहिलं. फालेसी भिंतीला टेकून, मांडीवर घेवडा निवडायचं सूप घेऊन, तोंड उघडं टाकून झोपली होती. नाव तिने ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

तेवढ्यात नाफिरी कुंपणाशी आली. "एवढीच गोष्ट? कुठाय ती? आणि मला थोडं मीठ हवं होतं."

"पाण्याला गेलीय," मी म्हटलं, आणि मीठ द्यायला स्वतः उठले.