सुरीबाईचं मत

"साफ खोटं आहे हे," सुरीबाई म्हणाली आणि तिने ती जाडजूड कादंबरी वाचनालयाच्या टेबलावर अशी आपटली, की निवृत्त मास्तरांच्या कपातला चहा बशीत सांडला. "दोनशे बाराव्या पानावर हा गडी मानेवर वार खाऊन पडतो आणि पडल्यावर दीड पान बोलत बसतो. बायकोला माफ काय करतो, भावाला निरोप काय देतो! अहो, गळा चिरल्यावर कोण बोलतं? नळी उघडी पडलेली असते. नुसती फसफस येते."

"सुरीबाई, ते साहित्य आहे," मास्तर बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले.

"साहित्यातल्या माणसाला गळ्याच्या जागी दुसरं काही असतं का?"

ग्रंथपालबाईंना हसू आवरेना. दर शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत सात-आठ जण जमत. नियम एकच होता. गेल्या आठवड्यात जे वाचलं, पाहिलं, ऐकलं, त्याबद्दल स्वतःला काय वाटलं ते सांगायचं. पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं पाठ करून यायचं नाही. मास्तर जाडे ग्रंथ वाचत, औषधाच्या दुकानातल्या बाई प्रवासवर्णनं वाचत, शिंपीकाका नवनव्या गाण्यांवर बोलत. सुरीबाई मारामारीवर बोले. तिला खून, युद्ध, दरोडे असलेलंच सगळं आवडायचं आणि त्यातलं काहीच तिला पटायचं नाही.

पटणार कसं? बावीस वर्षं ती मांसाच्या कारखान्यात सुरी चालवत होती. बर्फासारखा गार हॉल, वर फिरती साखळी, साखळीला आकडे आणि आकड्यांना उलटी टांगलेली सोललेली जनावरं. एकेक धूड समोर आलं, की त्याचा पुढचा पाय खांद्यातून सोडवायचा, एवढंच तिचं काम. अकरा सेकंद. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा, उजव्या हातात निमुळती सुरी. नव्या आलेल्यांना ती एकच गोष्ट शिकवी, "जोर लावायचा नाही. सांधा शोधायचा. सांधा सापडला की हाड आपणहून सोडतं." तिच्या शेजारच्या कापणाऱ्याने एकदा घाईत मोजा घातला नाही. त्याची दोन बोटं मांस वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावरून पुढे गेली आणि तीन टेबलं पलीकडे कुणाच्या तरी लक्षात आली. तिनेच ती उचलून बर्फात ठेवली होती. अशा बाईला लेखकाने रक्ताबद्दल काही सांगायचं म्हणजे अवघडच.

सिनेमाचं वेड तिला आईकडून आलं. बाप लाकडाच्या वखारीत हमाल होता. हाताला जे लागेल त्याने तो आईला मारायचा, आणि काही लागलं नाही तर हाताने. रविवारी दुपारी तो घरी असायचा, म्हणून आई दोघी पोरींना घेऊन थेटरात जाऊन बसायची. पडद्यावर मुडदे पडत असायचे आणि आई पाय सोडून, निवांत, डोळे मिटून बसलेली असायची. तेवढे तीन तास तिला कुणी मारणार नव्हतं. सुरीबाई मात्र डोळे फाडून बघायची. तिला कळायचं नाही, की नायकाने एवढा मार खाऊनही त्याचं तोंड सुजत कसं नाही.

सतराव्या वर्षी एका दुपारी तिने बापाच्या हातातला पट्टा हिसकावला आणि त्यालाच फोडून काढलं. तो खाली पडला तरी तिचा हात थांबला नाही. नऊ वर्षांची धाकटी खाटेखालून सगळं बघत होती. त्यानंतर बापाने आईवर हात टाकला नाही, पण मरेपर्यंत तो मोठ्या मुलीशी एक शब्द बोलला नाही. आईसुद्धा तिच्याशी जपूनच बोलायला लागली. ते मात्र सुरीबाईच्या फार जिव्हारी लागलं.

आता आईबाप दोघंही नव्हते. सुरीबाईने लग्न केलं नाही. धाकटीने केलं, फरशा बसवणाऱ्या एका कारागिराशी. माणूस दिसायला कसा, तर लोण्यासारखा. हळू बोलायचा, "ताई, तुम्ही बसा, मी आणतो पाणी," असं म्हणायचा. दोघं सुरीबाईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, शिंपीकाका.

त्या शनिवारी कादंबरीची चिरफाड करून झाल्यावर शिंपीकाकांची पाळी आली. ते म्हणाले, "मी या आठवड्यात नवं काही ऐकलंच नाही. सुरीबाई, तुमच्या धाकटीच्या कृपेने मला सध्या एकच अल्बम आहे. संध्याकाळ झाली की लावते. त्यातलं तिसरं गाणं तर असलं वाजवते, की माझ्या मशीनवरची कात्री सरकते!"

सगळे हसले. सुरीबाईही हसली. "तिला लहानपणापासून गाण्याचा नाद," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी घेऊनच येते तिला. तुम्हीच भांडा."

आणि खरंच, पुढच्या शनिवारी ती धाकटीला ओढून घेऊन आली. धाकटी उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेला, पाठ न टेकता बसली होती. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "बोला ना, त्या अल्बममध्ये एवढं काय आवडलं तुम्हाला?"

धाकटी बाही मनगटावर ओढून घेत म्हणाली, "तिसरं गाणं लांब आहे. साडेनऊ मिनिटांचं. आणि त्यात ढोल आहेत, ते मध्ये थांबत नाहीत."

"आणि शब्द? चाल?" मास्तरांनी विचारलं.

"शब्द मला माहीत नाहीत."

"एवढं ऐकून?"

"नीट ऐकायला मिळत नाही," धाकटी म्हणाली आणि लगेच हसली. पण ते हसू ओठांच्या एकाच बाजूला आलं.

मास्तरांना काहीच कळलं नाही. सुरीबाईला मात्र ते ढोल कशासाठी वाजत होते ते कळलं. इतकी वर्षं ती पडद्यावरच्या माराच्या चुका काढत होती. मार खाल्लेलं माणूस पाठ न टेकता कसं बसतं, हे तिला आईमुळे तोंडपाठ होतं, आणि तेच शेजारच्या खुर्चीत बसलेलं तिला दिसलं नव्हतं. जिना उतरताना तिने धाकटीचा हात धरून बाही वर सारली. दंडावर वाटीएवढे गोल डाग होते, काही जांभळे, काही पिवळे पडलेले.

"कशाने?"

"ताई, सोड."

"कशाने मारतो, सांग."

"फरशी ठोकायच्या हातोड्याने. रबराचा असतो, त्याने कातडी फाटत नाही." धाकटीने बाही खाली ओढली. "तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू जीव घेशील त्याचा. बापाच्या वेळी मी पाहिलंय तुला."

त्याच संध्याकाळी चल माझ्याकडे, असं सुरीबाई म्हणाली. धाकटीने ऐकलं नाही. दोन दिवस सुरीबाई स्वतःला आवरत राहिली. मंगळवारी तिच्या हातून सुरी दोनदा हाडावर घसरली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुकादमाला सांगून ती लवकर निघाली. निघताना तिने आपली सुरी मुद्दाम कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस," म्हणाली.

ती पोचली तेव्हा जिन्यातच ढोल ऐकू येत होते. दाराला कान लावला तरी दुसरा कसला आवाज नाही. तिने दार ठोठावलं, मग लाथ घातली, मग खांदा. तिसऱ्या धडकेला कडी उखडली.

धाकटी स्वयंपाकघरात ओट्याखाली मुटकुळं करून पडली होती. नवरा तिच्यावर वाकून, फरशी ठोकावी तसा, सावकाश, अंतर मोजून हातोडा हाणत होता. तोंडावर राग नव्हता. कामावर असल्यासारखं तोंड होतं. सुरीबाईला नंतर किती तरी दिवस तेच तोंड दिसत राहिलं.

तिला बघून तो म्हणाला, "ताई, तुम्ही यात पडू नका," आणि बोलता बोलता हातोडा तिच्या गालावर आणला. दोन दाढा जिभेवर आल्या. ती भिंतीवर आदळली, पण पडली नाही. दुसरा घाव येताना तिने त्याचं मनगट पकडलं, स्वतःभोवती अर्धी फिरली, त्याचा हात पाठीमागे नेला आणि खांद्याच्या पात्यावर गुडघा ठेवला. जोर लावला नाही. सांधा सापडला. ओल्या फांदीसारखा आवाज झाला आणि तो गुरासारखा ओरडला. ढोलांपुढे तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

हातोडा लांब घरंगळला. त्याने धड असलेल्या हाताने ओट्यावरची विळी चाचपली, ती सापडली नाही, चाकू सापडला. तो तिच्या पोटाकडे आला तेव्हा तिने सवयीने डावा हात पुढे केला. बावीस वर्षं त्या हातावर पोलादी जाळी होती. आज नव्हती. तिने पातं मुठीत धरलं आणि ते मुठीतून ओढलं गेलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकदम सैल पडलं. रक्त कोपरापर्यंत आलं, तरी मूठ सुटली नाही. कपाळाने तिने त्याचं नाक फोडलं. तो गुडघ्यांवर आला. चाकू तिच्या उजव्या हातात राहिला.

आता तिच्यासमोर मान होती. कुठे, किती खोल, किती सेकंद, सगळं तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी तिला बाजूला ढकललं. धाकटीने हातोडा उचलला होता. पहिला घाव तिने नवऱ्याच्या गुडघ्यावर घातला. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती मोजत होती. "चार. पाच. सहा." गुडघ्याची वाटी कुठच्या कुठे गेली. नवरा गडाबडा लोळत होता आणि ती त्याच्यामागे रांगत जाऊन पुन्हा तोच गुडघा शोधत होती.

"बास!" सुरीबाई ओरडली. "धाकटे, बास, मरेल तो!"

"अकरा. बारा."

सुरीबाईने चाकू खिडकीबाहेर भिरकावला, तिच्या अंगावर स्वतःला लोटून दिलं आणि तिला मिठीत आवळून धरलं. पोर अंगाखाली मासळीसारखी तडफडत होती, चावत होती. एका लाथेने टेबल कलंडलं, गाण्याचं यंत्र खाली आपटलं आणि ढोल मध्येच तुटले. घरात एकदम एवढी शांतता झाली, की तिघांच्या श्वासांचा आवाज वेगवेगळा ऐकू यायला लागला.

मिनिटभरात शिंपीकाका दारात. गळ्यात टेप, हातात कात्री. "गाणं अर्ध्यात बंद झालं, म्हणून म्हटलं काय झालं..." आणि मग त्यांनी फरशीकडे पाहिलं. कात्री त्यांच्या हातातून पडली. "देवा रे," ते म्हणाले, "मी वर बसून ठेका धरायचो." आणि ते तिथेच उंबऱ्यावर बसले. पोलिसांना बोलवायला सुरीबाईलाच त्यांना हलवावं लागलं.

खटला दीड वर्ष चालला. अंगावरच्या डागांचे फोटो, डॉक्टरांची साक्ष, शिंपीकाकांची साक्ष. शिंपीकाका बोलता बोलता दोनदा रडले. नवऱ्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तो कुबडी घेऊन आत गेला. त्याच्या वकिलाने विचारलं, "पहिल्या घावानंतर तो प्रतिकार करत नव्हता, तरी तुम्ही बारा वेळा का मारलंत?" धाकटी म्हणाली, "मला तेराव्या वेळी अडवलं म्हणून." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. तिला ताकीद देऊन सोडलं.

सुरीबाईची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. साखळीवरून काढून तिला खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामावर बसवलं. तिला ते काम मुळीच आवडत नाही आणि हे ती रोज मुकादमाला सांगते.

शनिवारी जाणं तिने सोडलं होतं. शेवटी ग्रंथपालबाईच घरी आल्या. "काय देऊ वाचायला? नवी रहस्यकथा आलीय, सात खून आहेत."

"नको. ज्यात कुणी कुणाला मारत नाही असं आहे का काही?"

बाई आठवडाभर शोधत होत्या. मग एका माणसाने एकट्याने होडीतून समुद्र ओलांडल्याची हकिकत त्यांनी आणून दिली. सुरीबाईने ती वाचली आणि शनिवारी मत दिलं, "फार कंटाळवाणं आहे. पण वादळाच्या वेळी तो माणूस घाबरतो आणि घाबरलो असं सरळ लिहितो, ते पटलं."

धाकटी आता तिच्याकडेच राहते. कपडे इस्त्री करायच्या कारखान्यात जाते. पहिले काही महिने ती झोपेत लाथा मारायची, दात खायची, ताईचा गळा धरायची. कित्येकदा सुरीबाई गालावर ओरखडे घेऊन कामावर गेली आणि मांजर पाळलंय म्हणून सांगितलं.

परवा रविवारी दुपारी शिंपीकाकांनी दोघींना एका कार्यक्रमाला नेलं. छोटंसं सभागृह, रंगमंचावर एकच म्हातारी बाई आणि तिचं सारंगीसारखं वाद्य. दहाव्या मिनिटाला धाकटीची मान कलंडली आणि ती ताईच्या खांद्यावर गाढ झोपली. ना लाथ, ना दातांचा आवाज. सुरीबाई हलली नाही. हात बधिर झाला, पायाला मुंग्या आल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिने त्यांच्या मानेकडे असं पाहिलं, की ते वळून बघताच खोकला गिळून बसले.

टाळ्यांच्या कडकडाटाने धाकटी जागी झाली. बाहेर आल्यावर शिंपीकाकांनी उत्साहाने विचारलं, "कसं वाटलं?"

"फार छान," धाकटी डोळे चोळत म्हणाली.

"आणि सुरीबाई, तुम्हाला?"

"मला काही ऐकूच आलं नाही," सुरीबाई म्हणाली. "परत कधी आहे यांचं?"