म्हशीचा आनंद
फणस कापल्याचा वास आला की मला भाट्ये गावाजवळचा एक गोठा आठवतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी म्हशीचा आनंदाचा आवाज मुद्रित करायचा होता. तो मिळाला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. म्हणून म्हशीपुढे फणसाची सालं पडली की मी रेकॉर्डर सुरू करून शेणात उकिडवा बसायचो. आठ दिवसांत मिळाली फक्त मचमच. शेवटी गोठ्याच्या मालकीणकाकी म्हणाल्या, "अरे बाबा, तोंडात घास असताना ती ओरडेल कशी? ओरडते ती फणसावर कोयती पडली की. तेव्हा तुझा डबा बंद." मेंदूतलं डोपामाइन खाण्यापेक्षा खायला मिळणार या आशेवर जास्त उसळतं, हे मी स्वतःच प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. सगळी मचमच पुसली आणि दुसऱ्या दिवशी कोयतीच्याही आधी जाऊन बसलो. म्हैस अशी रेकली की मीही ओरडलो, "मिळाला, मिळाला!" तेही मुद्रण वाया. "आता तुझ्या तोंडातपण साल कोंबू काय?" काकींनी विचारलं. तिसऱ्या खेपेला मी तोंडात रुमाल कोंबून बसलो आणि काम फत्ते केलं. ते वाया गेलेलं मुद्रण आज मी वर्गात ऐकवतो. दोघांत जास्त खूश प्राणी कुठला, हे पोरं लगेच ओळखतात.