पिशवीचं काय काम

श्रावणात घरी कानबाई देवी बसायची म्हटली की माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी, धुळ्याजवळच्या खेड्यात, आधी रोटांचे गहू निवडायला घेत आणि मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणत. ती घरातली मोठी सून. देवीच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड गोड पोळ्या, तिनेच करायच्या आणि रोटांना विटाळ चालत नाही. पुढे कानबाईचं निमित्तही उरलं नाही. नवरात्रात गोळ्या, भाऊबंदकीतल्या लग्नाला गोळ्या. डॉक्टरला विचारावं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. तिला ओरडून सांगितलं, अक्का, हे बंद कर. तिची सासू म्हणाली, "तुन्ही शाळा शाळामाच ऱ्हाऊ दे."

मग व्हायचं तेच झालं. अंगावरून जाणं थांबेना. ती पांढरीफटक पडली, जिना चढताना धापा टाकायला लागली. त्यावर त्या घराने शोधलेलं औषध म्हणजे पिशवी काढून टाकणं. मी फोनवर हात जोडले. म्हटलं, आधी त्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांगा. मी रविवारी येते, तिला जळगावला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, तोवर थांबा. सासू म्हणाली, "दोन पोरे व्हयनात. आते पिशवीनं काय काम शे? गावमा बठ्ठ्या बायास्नी काढेल शे." गावातल्या सगळ्याच बायकांनी काढली, मग हिनेही काढायची.

रविवारपर्यंत कोण थांबतंय! मी पोचले तेव्हा अक्का दवाखान्यात खाटेवर पडलेली होती, पोटाला टाके. वय छत्तीस. मेहुणे बाहेर चहा पीत होते. मी थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसले आणि काय काय काढलं ते विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गर्भाशय, आणि दोन्ही अंडाशयही. पुढे कटकट नको." कशाची कटकट? अंडाशयं तपासली होती का? ती काढायचं तिला विचारलं होतं का? डॉक्टर म्हणाले, "घरच्यांची सही आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादी गाय विकतानाही माणसं गोठ्यात दोन चकरा मारतात.

त्या वर्षीची कानबाई मी विसरणार नाही. अक्का चुलीपुढे रोट भाजत होती. मध्येच तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, घामाने पोलकं भिजायचं. ती उठून ओसरीवर जायची, पदराने वारा घ्यायची, परत येऊन बसायची. रात्री झोप नाही, हाडं दुखतात, उगाच रडू येतं, असं ती हळूच सांगत होती. सासू मात्र आल्यागेल्या बाईला कौतुकाने सांगत होती, "आते कटकट मिटनी. बारा महिने मोकळी शे." बायका माना डोलावत होत्या. मला समोरचं रोटांचं ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. नैवेद्याचं होतं म्हणून नव्हे, अक्काने केलेलं होतं म्हणून हात आवरला.

दुपारी पंगती उठल्यावर भाचीने दहावीचं पुस्तक माझ्यापुढे आणलं. तिला प्रजननाचा धडा समजत नव्हता. तिच्या शाळेत बाईंनी तो घरीच वाचा म्हणून सोडून दिला होता. मी आकृतीवर बोट ठेवून सांगायला लागले. हे गर्भाशय, मुठीएवढं. या अंडवाहिन्या. ही दोन अंडाशयं, बदामाएवढी. यांतून दर महिन्याला एक बीज सुटतं. पण तेवढंच यांचं काम नाही. यांच्यातून जो रस रक्तात जातो, त्याने हाडं बळकट राहतात, झोप लागते, अंगाची आग होत नाही.

अक्का हात पुसत मागे येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही. ती वाकली. पिठाचं बोट त्या चित्रावरून हळूहळू फिरवलं.

"सांग ना माय," दुसरा हात पोटावर ठेवत ती म्हणाली, "यामानं मन्हामा आते काय ऱ्हायनं?"