हातवाऱ्यांचं जीवशास्त्र

सहामाहीला बायोलॉजीत सत्तरपैकी अकरा मार्क पडले, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. दहावीपर्यंत मराठी शाळेत पेशीची आकृती माझ्याइतकी सुबक कुणाची नसायची. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, तीच पेशी इंग्रजीत शिरली आणि मला ओळख देईना. मॅडमनी अप्पांना कॉलेजात बोलावून सांगितलं, पोरगी चांगली आहे, आर्ट्सला घाला, उगाच वर्ष जाईल. अप्पा घरी येऊन एवढंच म्हणाले, "वार्षिक परीक्षा दे. त्यात गेलीस तर सायन्स बंद. मग कुरकुरायचं न्हाई."

मी पास होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अडचण एकच होती, अभ्यासाला जागा नव्हती. वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे साड्यांचे चार पॉवरलूम. माग सुरू झाले की भिंतीवरची भांडीसुद्धा थरथरतात. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. मागावरची माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, चहा टाक, पाहुणे आलेत, सगळं हातांनी. आमच्याकडच्या लग्नात पंगतीच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला आमटी अळणी झाल्याचं खुणेनं कळवते आणि वाढणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आई दिवसभर त्या चार मागांच्या मधल्या बोळात. शाळा सातवीत सुटलेली. एके दिवशी मी पुस्तक घेऊन बोळाच्या तोंडाशी पोत्यावर बसले होते आणि तोंडाने पुटपुटत होते. आईनं लांबून ओठ वाचले आणि हातानं विचारलं, हे काय? मी हातानंच सांगायला लागले. आणि तिथून आमचं सुरू झालं.

केंद्रक म्हणजे न्यूक्लियस, त्याला कपाळावर बोट. मायटोकॉन्ड्रियाला भिंतीवरच्या मेन स्विचकडे बोट, कारण तिथून करंट येतो. गॉल्जीला साडीची घडी घालून पिशवीत सारल्याचा अभिनय, कारण पेशीतला माल तिथे बांधला जातो. रायबोसोमला आडवा धागा नेणारा धोटा फेकल्यासारखा हात, कारण प्रोटीन तिथे विणलं जातं. अमिनो आम्लं एकाला एक जोडून प्रोटीन होतं म्हटल्यावर आईनं तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची खूण केली, तीच आम्ही पेप्टाइड बंधाला ठेवली. पेशीच्या पडद्यात मात्र मी शेण खाल्लं होतं. साडीला दशा बाहेर सोडतात, तशा मी सहामाहीत पडद्यातल्या मेदाच्या रेणूंच्या शेपट्या खुशाल बाहेर काढून आले होते. शेपट्यांना पाणी चालत नाही, हे आईला खुणेनं समजावताना मलाच पहिल्यांदा समजलं की त्या आत का असतात.

दोन महिन्यांत ती माझी परीक्षा घ्यायला लागली. धोट्यातली सुताची कांडी बदलता बदलता एक खूण टाकायची आणि मी इंग्रजी नाव ओठांनी सांगायचं. चुकलं की ती नुसती मान फिरवायची. मला तो अपमान लई लागायचा. मार्चपर्यंत माझं एकही नाव चुकत नव्हतं.

वार्षिक पेपर सोपा होता. मी झरझर लिहीत होते. गॉल्जीपाशी क्षणभर अडले आणि माझ्या हातांनी आपोआप घडी घातली. मग धोटा फेकला, मग कपाळाला बोट लावलं. पर्यवेक्षक सर माझ्या डोक्यावर येऊन उभे. "कुणाला खुणा करतेस?" पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघत होती, तेवढं त्यांना पुरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पेपर पुरा करू दिला, पण वर लाल शेरा मारला आणि तो गठ्ठ्यात न टाकता प्रिन्सिपलांच्या टेबलावर ठेवला. प्रिन्सिपल म्हणाले, "उद्या पालकांना आण. नाहीतर हा पेपर रद्द." पेपर रद्द म्हणजे मी नापास, आणि नापास म्हणजे सायन्स बंद. त्या दिवशी बसमध्ये मात्र मी घाबरले.

अप्पांनी ऐकून घेतलं. "खुणा तुमच्या दोघींच्या. दोघीच निस्तरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई चारही माग बंद करून आली. केसांत मागावर उडणारं सुताचं फूल तसंच चिकटलेलं होतं. प्रिन्सिपलांना आमची गोष्ट खरी वाटेना. बायोलॉजीच्या मॅडमना बोलावलं. मॅडमनी मला व्हरांड्यात काचेच्या खिडकीबाहेर उभं केलं आणि आईच्या कानात एकेक शब्द सांगायला लागल्या. आईनं घडी घातली, मी म्हटलं गॉल्जी. गाठ मारली, पेप्टाइड बंध. वर स्विचकडे बोट केलं, मायटोकॉन्ड्रिया. प्रिन्सिपल खुर्चीत पुढे सरकले. मग मॅडमनी कानात काहीतरी सांगितलं आणि आई थांबली.

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की या शब्दाला आमची खूणच नाही. आईनं पदर खोचला. गालात पान धरल्यासारखं केलं, हातात पाना घेतल्यासारखा फिरवला, कपाळ पुसलं आणि हात झटकून पुढच्या मागाकडे निघाल्यासारखी चालू लागली. तो आमचा फिटर होता. हुबेहूब. तो येतो, अडलेला माग चालू करतो, आणि स्वतः आहे तसा पुढच्या मागाकडे जातो.

"एन्झाइम!" मी काचेबाहेरून ओरडले.

मॅडम हसायला लागल्या. प्रिन्सिपलांनी लाल शेऱ्यावर काट मारून सही केली आणि पेपर मॅडमच्या हातात दिला. आत येऊन मी आईकडे पाहिलं. एन्झाइम पेशीतली कामं घडवतं आणि स्वतः आहे तसं राहतं, हे मी तिला एकदाच सांगितलं होतं, तेही घाईत, खूण न ठरवता. ते तिनं एकटीनं, मागांच्या बोळात, कधी घोळवलं असेल? मला तिचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली. इतके दिवस मी समजत होते की ती मला मदत करते आहे.

निघताना प्रिन्सिपल म्हणाले, "माफ करा हं बाई. मुलगी कॉपी करते असं आम्हाला वाटलं."

आई दारातून वळली. मागांच्या खडखडाटात राहायची सवय, त्यामुळे तिचा आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू गेला. "तिनं न्हाई केली, सर. केली आसंल तर मी केली, तिचं बघून."